पहिला डीएसएलआर: बॉडी जुनी चालेल, लेन्स चांगली हवी

डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घ्यायचा विचार असेल तर एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. कॅननचा ८५०डी आणि निकॉनचा डी६ त्या वर्षीच्या फेब्रुवारीत जाहीर झाले, आणि तिथून पुढे दोघांचाही सगळा भर आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. त्यामुळे आज साताऱ्यात किंवा सांगलीत तुमच्या हातात जो डीएसएलआर पडेल तो एकतर जुन्या मॉडेलचा नवा डबा असेल, नाहीतर कोणाचा तरी वापरलेला.

म्हणून घेऊ नये, असं मुळीच नाही. २०१६ सालचा २४ मेगापिक्सेलचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, आजही तितकाच चांगला फोटो देतो. लोक मिररलेसकडे वळत असल्यामुळे एरवी परवडल्या नसत्या अशा लेन्स वापरलेल्या बाजारात आवाक्यात आल्या आहेत. शिवाय बॅटरी. निकॉन डी३५०० एका चार्जवर, कंपनीच्या मोजणीनुसार, १,५५० फोटो काढतो. त्याच वर्गातले बरेच मिररलेस तीनशे-चारशेच्या आसपास थांबतात. पहाटे प्रतापगड चढून संध्याकाळी उतरणाऱ्याला हा फरक लगेच कळतो. फक्त एका माणसाने डीएसएलआरच्या वाटेला जाऊ नये: ज्याला मुख्यतः व्हिडिओ करायचा आहे. त्याने थेट मिररलेस घ्यावा. त्याचं कारण पुढे बॉडीबद्दल बोलताना येईल.

पहिल्या कॅमेऱ्यात बहुतेकांचे पैसे नको तिथे खर्च होतात. दोन-तीन बॉड्यांची (बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) तुलना करण्यात महिना जातो, त्यातली जमेल तेवढी महाग घेतली जाते आणि लेन्स मात्र डब्यात आली तीच वापरली जाते. फोटोत दिसणारा फरक बॉडीपेक्षा लेन्समुळे कितीतरी जास्त पडतो. एकूण रकमेतला निम्मा तरी भाग लेन्ससाठी बाजूला ठेवा, आणि उरलेल्यात बसेल ती, अगदी वापरलेली का असेना, पण तपासून घेतलेली बॉडी घ्या. हे असं का, ते समजायला थोडं आत डोकवावं लागतं.

रात्री फोन बरा आणि कॅमेरा वाईट, असं का होतं

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आधी तिरक्या आरशावर पडतो, तिथून वर जाऊन व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचतो. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, मागचा पडदा, म्हणजे शटर, उघडतं आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांमध्ये हा सेन्सर एपीएस-सी मापाचा असतो: कॅननमध्ये २२.३ × १४.९ मिलिमीटर, निकॉनमध्ये २३.५ × १५.६. महागड्या फोनमध्ये ज्याला 'एक इंची' म्हणतात तो सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो. म्हणजे त्याच्या जवळपास तिप्पट जागा कॅमेऱ्याकडे आहे, आणि साध्या फोनच्या तुलनेत तर त्याहून कितीतरी जास्त.

तरीही नवा कॅमेरा घेऊन लोक संध्याकाळी घरात फोटो काढतात आणि हिरमुसतात, कारण फोनवरचा फोटो स्वच्छ येतो आणि कॅमेऱ्याचा हललेला किंवा खरखरीत. फोन एका फोटोसाठी लागोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकत्र जुळवतो, आणि त्याची लेन्स भरपूर उघडी असते. तुमचा कॅमेरा एकच फोटो घेतो, आणि किट लेन्सचं (बॉडीसोबत डब्यात येते ती) प्रकाश घेणारं छिद्र झूम केल्यावर बारीक होऊन बसलेलं असतं.

प्रकाशाचा हिशेब कोयनेच्या दरवाजांसारखा आहे. दरवाजा किती उचलला आणि किती वेळ उघडा ठेवला, यावर किती पाणी सुटलं ते ठरतं. लेन्सचं अ‍ॅपर्चर म्हणजे दरवाजा किती उचलला, शटर स्पीड म्हणजे किती वेळ. आयएसओ वाढवला की आलेल्या तेवढ्याच प्रकाशाचा सिग्नल मोठा केला जातो, आणि प्रकाश मुळात थोडा असल्याने त्यातली खरखरही मोठी होऊन दिसते.

अ‍ॅपर्चरचा आकडा म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेले मिलिमीटर; आकडा मोठा तितकं दूरचं मोठं दिसतं) भागिले छिद्राचा व्यास. म्हणून आकडा लहान तितकं छिद्र मोठं. ५० मिलिमीटरवर एफ/५.६ असेल तर छिद्र जेमतेम ९ मिलिमीटरचं होतं, आणि एफ/१.८ असेल तर जवळपास २८ मिलिमीटरचं. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश.

याचा प्रत्यक्षात अर्थ काय, ते वाईच्या ढोल्या गणपतीसारख्या देवळात संध्याकाळी बघा. किट लेन्स पन्नासच्या आसपास झूम केलीत तर एफ/५.६ वर, आयएसओ ३२०० ठेवूनही शटर १/१५ सेकंदापर्यंत खाली येईल अशी जागा देवळात सहज सापडते. १/१५ मध्ये आरती ओवाळणाऱ्याचा हात, घंटा वाजवणारं पोर, सगळं हलतं. त्याच जागी, त्याच आयएसओवर एफ/१.८ ची लेन्स लावली की शटर १/१२५ च्या पुढे जातं आणि माणूस स्थिर दिसतो. बॉडी तीच. लेन्सवर लिहिलेलं 'आयएस' किंवा 'व्हीआर', म्हणजे थरथर कमी करणारी सोय, इथे अर्धीच कामाची, कारण ती तुमच्या हाताची थरथर सावरते; समोरच्याची हालचाल ती थांबवू शकत नाही.

मेगापिक्सेलच्या आकड्याला मात्र फार भुलू नका. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० × ४००० ठिपके. इंचाला ३०० ठिपके धरले तर २० × १३ इंचांची प्रिंट निघते. भिंतीवर लावायच्या १२ × १८ च्या फ्रेमला १८ मेगापिक्सेलचा कॅमेराही आरामात पुरतो.

विषय ठरवा, लेन्स आपोआप ठरते

घरातली माणसं, बारसं, वाढदिवस, दिवाळी हा विषय असेल तर एक मोठ्या अ‍ॅपर्चरची स्थिर, म्हणजे झूम न होणारी, लेन्स हवी. दुकानदार लगेच '५० एफ/१.८' पुढे करेल. लेन्स उत्तम आहे, पण एपीएस-सी बॉडीवर ती किती आखडती होते ते मोजून बघा. दहा बाय दहाच्या खोलीत तुम्ही भिंतीला टेकून उभे राहिलात तर समोरचा माणूस साधारण आठ फुटांवर. तिथे कॅननवर ५० मिलिमीटरमध्ये साडेतीन फूट रुंदीच चौकटीत येते. एका माणसासाठी झकास. आजी, आई आणि बाळ तिघं आली की कोणीतरी कापलं जातं. तिथेच २४ मिलिमीटरला सात फुटांच्या वर रुंदी मिळते. म्हणून घर लहान असेल तर कॅननमध्ये २४ एफ/२.८ एसटीएम आणि निकॉनमध्ये ३५ एफ/१.८जी डीएक्स या लेन्स आमच्या मते पन्नासच्या आधी बघाव्यात. एकट्या माणसाची छायाचित्रं काढायचा नाद असेल तर पन्नासच घ्या.

कासचं पठार हा आपल्याकडे कॅमेरा घेण्यामागचा मोठाच मोह. तिथली बरीच फुलं नखाएवढी असतात, आणि किट लेन्स बेकार असं समजून अनेकजण पहिल्याच वर्षी महाग मॅक्रो लेन्सच्या, म्हणजे अगदी जवळून बारीक वस्तू टिपणाऱ्या लेन्सच्या, मागे लागतात. थोडं थांबा. १८-५५ ची किट लेन्स ५५ वर ठेवून सगळ्यात जवळ, म्हणजे २५ सेंटिमीटरवर फोकस केली की कॅननमध्ये चौकटीची रुंदी साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास येते. सीतेच्या आसवांचं एक सेंटिमीटरचं फूल त्यात सहावा भाग व्यापतं, म्हणजे सुमारे हजार ठिपके. पानभर छापायला कमी, मोबाइलवर पाठवायला भरपूर. हे २५ सेंटिमीटर लेन्सच्या टोकापासून मोजायचे नसतात. बॉडीच्या वरच्या बाजूला गोलावर आडवी रेघ असलेली बारीक खूण असते, तिथे सेन्सर असतो, तिथून मोजायचे. त्यामुळे प्रत्यक्षात लेन्सचं तोंड फुलाच्या फारच जवळ जातं आणि स्वतःचीच सावली पडते. सकाळचं तिरपं ऊन बाजूने घ्या. अ‍ॅपर्चर एफ/८ किंवा एफ/११ ठेवा, कारण इतक्या जवळून एफ/५.६ वर एक पाकळी स्पष्ट आणि दुसरी पुसट होते. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका. छिद्र फार बारीक झालं की प्रकाश पसरतो आणि सगळाच फोटो मऊ पडतो. पठारावर वारा थांबत नाही, त्यामुळे १/२५० च्या खाली शटर नको. फुलांत उतरून, आडवं पडून फोटो काढायचे नसतात. पायवाटेच्या कडेला जे आहे त्यातलंच निवडा. वर्षभर हे करून गोडी टिकली तर मॅक्रो घ्या.

पक्ष्यांचं गणित नेमकं उलटं आहे, आणि इथे किट लेन्सचं काहीच चालत नाही. मायणी-येरळवाडीच्या पाण्यावर सव्वा मीटर उंचीचा रोहित पक्षी ६० मीटरवर उभा आहे असं धरा. ३०० मिलिमीटरमध्ये निकॉनच्या चौकटीची उंची त्या अंतरावर तीन मीटरच्या थोडी वर, म्हणजे पक्षी चौकटीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरतो. ५५ मिलिमीटरमध्ये चौकट सतरा मीटर उंच होते आणि पक्षी ठिपका होतो. सागरेश्वरची हरणं, चांदोलीच्या वाटेवरचे धनेश यांनाही हाच हिशेब. तेव्हा कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम किंवा निकॉनची ७०-३०० एएफ-पी व्हीआर ही पहिली टेलिफोटो, म्हणजे दूरचं जवळ आणणारी, लेन्स. निकॉनमध्ये इथे एक खोडा आहे: हीच ७०-३०० 'व्हीआर' ही अक्षरं नसलेलीही मिळते, दिसायला सारखीच आणि स्वस्त. ती घेऊ नका. ३०० मिलिमीटरवर हातात धरून फोटो काढताना व्हीआर नसेल तर शटर किमान १/४५० हवं. ढगाळ दिवशी तेवढं मिळत नाही.

बैलगाडा शर्यत मात्र वाटते तितकी अवघड नाही. भर उन्हात एफ/५.६ आणि आयएसओ २०० वर १/१६०० सेकंद सहज मिळतात, त्यामुळे तीच साधी ५५-२५० पुरते. फोकस सतत मागोवा घेणाऱ्या मोडवर (कॅननमध्ये एआय सर्व्हो, निकॉनमध्ये एएफ-सी) आणि लागोपाठ फोटोंचा मोड लावायचा. उभं राहायचं ते मात्र धावपट्टीच्या बाजूला, दोरीच्या बाहेर.

ठोसेघर, वजराईसारखे धबधबे किंवा सज्जनगडावरून दिसणारं खोरं यासाठी किट लेन्सचं १८ हे टोक पुरेसं. पाणी दुधासारखं दिसायला अर्धा-एक सेकंद लागतो, आणि त्यासाठी लेन्सपेक्षा ट्रायपॉडची गरज जास्त.

बॉडी

नव्या डब्यात दिसणाऱ्यांपैकी कॅननचे ३०००डी आणि १५००डी सर्वांत स्वस्त. ३०००डी टाळा. त्याचा लेन्स बसवायचा कडा प्लॅस्टिकचा आहे, आणि व्ह्यूफाइंडरला डोळ्यांच्या नंबराप्रमाणे जुळवायची चकती नाही. चष्मा लागलेल्या माणसाला हे फार जाचतं. १५००डी ठीक आहे, पण दोन गोष्टी पाहून घ्या. किट लेन्सवर 'आयएस' लिहिलेलं असायला हवं. '१८-५५ III' अशी खूण असलेल्या लेन्समध्ये ही सोय नसते. दुसरं, १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या तिघांच्याही फ्लॅश बसवायच्या खाचेत मधला गोल धातूचा टिकला नाही. त्यामुळे गावातल्या स्टुडिओत मिळणारे साधे, एका टिकलीवर चालणारे फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर पेटतच नाहीत. पुढे लग्नाची कामं करायचा विचार असेल तर या एका कारणावरून यांच्याकडे पाठ फिरवा. जुन्या १३००डीमध्ये तो टिकला आहे.

निकॉनमध्ये डी३५०० हलका (बॅटरीसकट ४१५ ग्रॅम) आणि शिकायला सोपा. डी५६०० मध्ये ३९ फोकस बिंदू, वळणारा टचस्क्रीन आणि माइक लावायची जागा. पण डी३००० आणि डी५००० या दोन्ही मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. मोटर लेन्समध्ये असावी लागते. लेन्सवर 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' लिहिलेलं असेल तरच ती आपोआप फोकस करेल. स्वस्त मिळते म्हणून '५० एफ/१.८डी' घेतलेले कितीतरी जण नंतर हाताने फोकस फिरवत बसतात. उलटी अडचणही आहे: एएफ-पी लेन्स डी३२००, डी५१००, डी७०००, डी९० अशा जुन्या बॉड्यांवर फोकसच करत नाही, हातानेसुद्धा. वापरलेली बॉडी एकाकडून आणि लेन्स दुसऱ्याकडून घेताना ही जोडी जुळते का ते प्रत्यक्ष लावून बघा.

व्हिडिओचा मुद्दा हा की व्ह्यूफाइंडरऐवजी कॅमेऱ्यामागच्या स्क्रीनवर बघून चित्रण करताना आरसा वर जातो आणि त्याच्या भरवशावर चालणारी वेगवान फोकस यंत्रणा बाद होते. १५००डी आणि डी३५०० दोघंही मग चाचपडत फोकस करतात, आणि दोघांनाही माइक लावायची जागा नाही. कॅननच्या ८०डी आणि २००डी मार्क २ मध्ये ड्युअल पिक्सेल नावाची वेगळी सोय आहे, तिच्यामुळे स्क्रीनवर बघतानाही फोकस चांगला चालतो. अधूनमधून व्हिडिओ लागणार असेल तर यातला एक घ्या.

आमची खरी शिफारस मात्र वापरलेल्या मधल्या फळीची: कॅनन ८०डी (२०१६) किंवा निकॉन डी७२०० (२०१५). ८०डीला ४५ फोकस बिंदू, डी७२०० ला ५१. दोन्हींना शटर आणि अ‍ॅपर्चरसाठी वेगवेगळी चाकं. आणि बॉडी-लेन्सचा फोकस जुळत नसेल तर तो मेनूतून सुधारायची सोय, जी स्वस्त बॉड्यांत नसते. डी७२०० मध्ये फोकसची मोटरही आहे, म्हणजे जुन्या डी लेन्सही चालतात. वजन अनुक्रमे ७३० आणि ७६५ ग्रॅम. दुकानात हातात धरून बघा. अजिंक्यताऱ्यावर रोज सकाळी घेऊन जाणार असाल तर हलका डी५६०० तुमच्याकडून जास्त वापरला जाईल, आणि वापरला जाणारा कॅमेरा केव्हाही बरा.

वापरलेला कॅमेरा तपासताना

दिवसा, उजेडात भेटा. सोबत स्वतःचं मेमरी कार्ड, मोबाइलचा टॉर्च आणि एक वर्तमानपत्र घ्या. अर्धा तास तरी द्या. विकणारा घाई करत असेल तर उठून या.

सुरुवात लेन्सपासून. दोन्ही झाकणं काढा, मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा, मग उलटं करा. धुळीचे चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे किंवा ढगाळ डाग दिसले तर ती फंगस, म्हणजे बुरशी. आपल्या घाटमाथ्याच्या दमटपणात वापरलेल्या लेन्समध्ये ती फार आढळते. सुरुवातीला फोटोत फरक दिसत नाही, म्हणून विकणारा "काही होत नाही" म्हणेल. पण बुरशी काचेवरचा लेप खाते आणि साफ केल्यावरही व्रण राहतो. अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नका. मागच्या कड्याचे स्क्रू बघा; खाचा झिजलेल्या असतील तर कोणीतरी उघडून बसलं आहे.

मग सेन्सर. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोड (अ‍ॅपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा ठरवतो), एफ/१६, आयएसओ १००, फोकस हाताने पुसट करून पांढरी भिंत किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून कोपऱ्यांपर्यंत फिरवा. राखाडी गोल डाग म्हणजे धूळ, ती साफ होते. सरळ रेघ किंवा धारदार कडेचा डाग म्हणजे ओरखडा असू शकतो. आता लेन्सवर झाकण लावून दहा सेकंदांचा फोटो. काळ्या चौकटीत दोन-चार रंगीत ठिपके दिसणं नेहमीचं. पुंजके किंवा उभी पट्टी दिसली तर नको.

फोकससाठी वर्तमानपत्र टेबलावर पसरून कॅमेरा ४५ अंशांत धरा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, फक्त मधला फोकस बिंदू, आणि एका ठरावीक ओळीवर फोकस करून पाच-सहा फोटो काढा. दर वेळी तीच ओळ स्पष्ट यायला हवी. दर वेळी तिच्या मागचीच ओळ स्पष्ट येत असेल तर जुळणी बिघडली आहे. कधी मागे, कधी पुढे असं होत असेल तर मोटर किंवा फोकस यंत्रणेत दोष आहे आणि तो सहज सुटत नाही.

शटर किती वेळा उडालं हे विचारून सोडून देऊ नका. निकॉनमध्ये ताज्या मूळ फाइलमध्येच हा आकडा असतो. एक्झिफटूलसारख्या फुकट सॉफ्टवेअरने लॅपटॉपवर दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत तो पुसला जातो, म्हणून स्वतःच्या कार्डावर फोटो घ्या. कॅनन तो फाइलमध्ये लिहीत नाही. कॅमेरा केबलने जोडून वेगळं सॉफ्टवेअर लागतं. फाइलच्या नावातला क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा सुरू होतो, त्यावरून काहीच ठरत नाही. निकॉन डी५६०० चं शटर एक लाखासाठी आणि डी७२०० चं दीड लाखासाठी तपासलेलं आहे. त्यानंतर ते बंदच पडतं असं नाही, पण लग्नाच्या कामात राबलेली बॉडी या आकड्याच्या पुढे गेली असेल तर शटर बदलण्याचा खर्च किमतीतून आधीच वजा करा.

शेवटी बॅटरी सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगली तर फुगलेली आहे. पॉप-अप फ्लॅश उघडून उडवा, प्रत्येक चाक दोन्ही दिशांना फिरवा, कार्ड काढून घालून बघा. बॉडीखालचा सिरीयल नंबर आणि बिलावरचा नंबर एकच असला पाहिजे. बिल नसेल तर माल चोरीचा असण्याची शक्यता गृहीत धरा.

नवा घेतानाही नंबर जुळवा: बॉडी, डबा आणि वॉरंटी कार्ड, तिन्हींवर एकच. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय पाच-सात हजार कमी सांगितले जातात तो बहुधा बाहेरून आणलेला माल असतो आणि कंपनीची भारतातली वॉरंटी त्याला लागू होत नाही. 'फ्री' म्हणून मिळणारा हलका ट्रायपॉड डीएसएलआरच्या वजनाने मान टाकतो. त्याऐवजी तेवढी किंमत कमी करून मागा.

कार्डावर दोन शब्द. ३२ जीबीची दोन कार्डं एका १२८ च्या कार्डापेक्षा बरी, कारण एक बिघडलं तर सगळं जात नाही. व्ही३० लिहिलेलं यूएचएस-१ कार्ड पुरे. यूएचएस-२ च्या जादा वेगाचा या बॉड्यांना उपयोग नाही. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नको.

घरी आल्यावर पहिलं काम व्ह्यूफाइंडरशेजारच्या त्या छोट्या चकतीचं. आत दिसणारे फोकसचे चौकोन आणि आकडे धारदार दिसेपर्यंत ती फिरवा. "सगळं धूसर दिसतं" म्हणून कॅमेरा दुकानात परत नेणाऱ्या पुष्कळांची तक्रार इथेच मिटते. मग मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, फोकस बिंदू फक्त मधला, आयएसओ ऑटोवर पण कमाल ६४००. फाइल रॉ (सेन्सरवरची कच्ची माहिती) आणि जेपीईजी (नेहमीचा फोटो) दोन्ही. पहिले दोन महिने यापलीकडे काही बदलायची गरज पडत नाही.

पावसाळा, धूळ आणि भंडारा

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला धुळीचे लोट. कॅमेऱ्याला दोन्ही वाईट.

वरच्या कुठल्याही स्वस्त बॉडीला पाणी चालत नाही. पावसात प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाशी रबरबँड, आणि कडेला भोक पाडून डोळा लावायची जागा, एवढ्यात काम होतं. एसी लावलेल्या गाडीतून धुक्यात उतरलात तर काचेवर दव धरतं. उतरल्यावर वीसेक मिनिटं कॅमेरा बंद बॅगेतच राहू द्या. दव धरल्यावर लेन्स बदलू नका, तो ओलावा आत जातो.

पालच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत भंडारा आणि गुलाल यांचे कण इतके बारीक असतात की झूम लेन्स बाहेर-आत करताना ती ते हवेसोबत ओढून घेते. तिथे झूम न करता येणारी स्थिर लेन्स लावून जा आणि घरी येईपर्यंत लेन्स काढू नका. आल्यावर आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, आणि कापड सगळ्यात शेवटी. कण असताना कापड फिरवलं तर काचेवर ओरखडे पडतात. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब उडतात.

साठवण हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. कॅमेरा त्याच्या बॅगेत घालून कपाटात ठेवणं पावसाळ्यात घातक. बॅगेचं अस्तर ओल धरतं. स्वयंपाकघरात वापरतो तसा रबरी कडेचा घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या, त्यात अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशवीत बांधून ठेवा आणि शेजारी छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ६० च्या वर बराच काळ राहिला तर बुरशी धरते. ३० च्या खाली सतत राहिला तर रबर आणि वंगण कोरडं पडतं, मग थोडं जेल काढून घ्या. नारिंगी जेल घ्या, निळं नको, कारण निळ्यात कोबाल्टचं विषारी संयुग असतं. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून, पूर्ण गार झाल्यावरच परत डब्यात ठेवा. जून ते ऑक्टोबर हे दर दोन-तीन आठवड्यांनी करावं लागतं. कॅमेरा महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी निम्मी चार्ज करून बाहेर काढून ठेवा, आणि लेन्स आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास उजेडात काढून झूम आणि फोकसच्या कड्या फिरवून घ्या.